आजचा शब्द

येमूल सर वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर
रोज एक शब्द लिहितात.
खाली बारीक अक्षरात: चार ओळी तरी.

सोमवारी होता समुद्र.
मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल तपासणारी,
पाणी म्हणजे पाचव्या दिवशी नळाला येतं ते.
तेच लिहिलं. दीड ओळ झाली.

मंगळवारी उंबरठा.
आमच्या घरी त्याला गडपा म्हणतात.
मराठीत लिहू गेले तर तो दुसऱ्याच कुणाच्या घराचा झाला,
तेलुगूत लिहावं तर अक्षरं येत नाहीत.
वही मिटून कडक भाकरी मोडली.
आवाज झाला,
तो मात्र लिहून ठेवला.

बुधवारी ओव्हरटाइम.

गुरुवारी डाग.
फळ्यासमोरच हसू फुटलं.
अकरा वर्षं रजिस्टरात दुसरं काय लिहितेय मी?
तेलाचा, उजवी किनार.
गंजाचा, बोटाएवढा.
धागा सुटला, पुढे दोन इंच काहीच नाही.

रात्री त्याच ओळी वहीत उतरवल्या,
फक्त टॉवेलांचे नंबर गाळून.
शेवटी एक जास्तीची आली, कुठून कोण जाणे:
हा डाग धुतल्यावर जाईल,
पण मी पाहिलाय.

शुक्रवारी वाचनालयाला कुलूप, फळा कोरा,
खडूचा तुकडा पायरीवर पडलेला.
रस्त्यावर ऊन सोडून कुणी नव्हतं.
मी लिहिलं: गडपा.
खाली बारीक अक्षरात, चार ओळी तरी.

सरांना तेलुगू येतं.
उद्या बघू, लिहितात का.