ठाण

पोरगं म्हणतं, बाबा, विका की तो डबा.
भंगारवाला दोनशे तरी देईल.
सगळं मोबाईलवर होतंय आता.

होतंय. खोटं कशाला बोलू?
लाईट बिल, गॅसचा नंबर, मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो,
आडवं पडल्या पडल्या होतंय.

पण उद्यमनगरात मी पंपाच्या बॉडीची ड्रॉइंगं काढतो.
तिथं अर्धा मिलिमीटर हुकला
की शंभर कास्टिंग पुन्हा भट्टीत,
आणि चौगुले शेठ बाप काढतात माझा.
ती रविवारी घरी बसून तपासतो.
अंगठा केवढा जाड असतो
हे मला मोबाईल घेतल्यावर कळलं.
अर्धा मिलिमीटर त्याच्याखालीच राहतो.

डबा खिडकीशी ठाण मांडून बसलाय.
त्याच्याकडं जावं लागतं.
पंख्याची घरघर ऐकत,
तो जागा होईस्तोवर थांबावं लागतं.
तेवढ्यात आपण कशाला आलो होतो
ते नीट आठवतं.

पुराच्या साली
सुतारमळ्यात पाणी तिसऱ्या पायरीला लागलं
तेव्हा बायकोनं देव उचलले,
मी डबा, टॉवेलात गुंडाळून.
मोबाईल दोघांच्याही खिशात होते,
ते कधी वाचवले
कुणालाच आठवत नाही.

एनच्या बटणावर ल, शिफ्ट दाबली की ळ.
रंग उडालाय तिथला.
गल्लीचे अर्ज मीच टाईप करतो.
प्रत्येकाच्या शेवटी
‘कळावे’.

खुर्चीशेजारी एक स्टूल असतं.
परवा त्यावर अतिग्रे मावशी बसल्या होत्या.
नवऱ्याच्या दाखल्यात नाव चुकलेलं,
तीन हेलपाटे झालेले महापालिकेत.
मोबाईलवर दाखवलं तेव्हा
‘बरोबर असंल बाबा’ म्हणाल्या होत्या,
मान वळवून, उगाच.
इथं मी अक्षरं मोठी केली,
विटेएवढी.
चौथी शिकलेल्या मावशी पुढं झुकल्या,
बोट थेट काचेवर टेकवलं.
‘श्रीपती.
माझ्या माणसाची वेलांटी दुसरी.
ह्यांनी पहिली दिलीया.’

मग बराच वेळ
आम्ही दोघं एकाच दिशेला बघत बसलो.
मोबाईलवर हे जमत नाही.
तो एकाच्या हातात असतो,
दुसऱ्यानं खांद्यावरून डोकवायचं,
चोरासारखं.

बोटाचा ठसा अजून आहे काचेवर.
ड्रॉइंग काढताना मध्ये येतो.
पुसायचं राहून जातंय.

काल भंगारवाला गल्लीतनं ओरडत गेला.
मी पोराकडं बघितलं.
ते स्टुलावर बसलं होतं, पाय हलवत,
वायरीला बांधल्यासारखं.
मोबाईल चार्जिंगला लावला होता,
डब्यालाच.