उंबऱ्यावरचा माणूस

कुताइसीत, रिओनी नदीच्या अलीकडे,
लामारा अकरा दिवस एका माणसाला
दारातून आत आणू बघतेय.

त्याला भिजलेली टोपी काढायला लावली.
काढली. मग टोपी हातात धरून
तसाच उभा, मख्ख.
खोकायला लावलं. खोकला.
आत त्याची बायको कांदा चिरतेय,
तिनं मानही वर केली नाही.
दोन पानं फाडून झाली, कांदा संपत नाही.

मागच्या महिन्यात प्रकाशकाचे पैसे आले.
शेगडीला लाकडं झाली, दात तसाच राहिला.
बहीण फोनवर विचारते, "सध्या काय करतेस?"
"लिहितेय."
"ते कळलं गं. पण करतेस काय?"

दुपारी ती पाव आणायला जाते.
झुराब कमरेपर्यंत भट्टीत वाकलेला,
आतल्या भिंतीला चिकटलेला पाव
आकड्यानं सोडवत तिथूनच बोलतो,
"तुमच्या त्या गोष्टीतली म्हातारी,
तिनं गाय विकायला नको होती.
दोन दिवस झाले, घरात त्यावरून भांडण आहे."
लामारा ओशाळते.
"माझं ऐकलं नाही तिनं."
तो बाहेर येतो, घाम पुसतो,
मान हलवतो. त्याला पटलेलं असतं.
"किती देऊ?"
"दोन."

पुलावर आल्यावर तिच्या लक्षात येतं,
घरी ती एकटीच असते.

मग गरम पाव छातीशी धरून
जरा भरभर चालू लागते.
अकरा दिवस उभा आहे बिचारा,
जेवलास का,
एवढंही कुणी विचारलं नव्हतं.