चाळीस सेंटिमीटर

मुहर्रकच्या खाडीकडे पाठ करून
आमची प्रयोगशाळा बसली आहे.
खाली एसी दुरुस्तीवाला, वर आम्ही चौघं
आणि पडद्यावर एक वाम.
खरी नाही. एक्याऐंशी ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेघा.
तिच्यासारखा एक यंत्रमासा उद्या
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या नळात शिरेल,
शेवाळ बघून येईल,
असं कागदोपत्री ठरलंय.

मी तिला लाट दिली.
प्रत्येक ठिपक्याला सांगितलं, जागच्या जागी
वर जा, खाली ये. शेपटीकडच्यांनी जरा जास्त.
पोहली. दिसायला झकास.
डॉ. हेलाल खजूर चघळत खुर्ची ओढून बसले
आणि म्हणाले, मोज.

निजलेली होती तेव्हा चाळीस सेंटिमीटर.
पोहताना त्रेचाळीस. मग साडेबेचाळीस. पुन्हा त्रेचाळीस.
च्युइंगमच्या ताणण्याला
मी पोहणं म्हणत होते.
मासळीबाजारात जासिमने मेलेली वाम दोन्ही हातांनी ओढून दाखवली,
बघ, बोटभर तरी वाढते का?
आणि मग पैसे मागितले.

तीन आठवडे असेच.

शुक्रवारी बाबांच्या सदऱ्यासाठी
नियामत मास्तरांकडे गेले.
आईने फोनवर कळवलेली मापं चिठ्ठीवर होती,
खाली तिचंच वाक्य: उंची घटली आहे, दीड इंच कमी धर.
मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं.
"घटली, की वाकले?"
मला सांगता येईना. दोन वर्षं मी बाबांना
छातीपासून वर बघितलंय, फोनच्या चौकटीत.
मास्तरांनी टेप कडेवर उभी केली
आणि कापलेल्या बाहीच्या गोलाईवरून
मुंगी चालावी तशी चालवली.
"वाकलेल्याला समोरून मोजाल तर फसाल.
मानेच्या मणक्यापासून धरा. पाठ जाईल तिकडे जा."

रात्री ठिपक्यांचं आडवं-उभं सगळं पुसलं.
प्रत्येक रेघ अर्धा सेंटिमीटर, कायमची.
प्रत्येकीला एवढंच सांगितलं
की आधीचीपासून किती वळायचं.
शेपूट कुठे पडेल
ते माझ्या हातात राहिलं नाही.
वाम वळली तशी तिची टोकं जवळ आली,
अडतीस, सदतीस,
पण अंगावरून मोजली तर चाळीस.
शंभराव्या लाटेलाही चाळीस.
मी हेलालना कळवलं नाही. चहा केला.

हाडं झिजतात, मला माहीत आहे.
मणक्यांमधल्या चकत्या सुकतात, माणूस खरंच कमी होतो.
ठिपक्यांचं गणित बाबांना लागू नाही.
तरी आईला फोन लावला. इथे नऊ, तिकडे साडेअकरा.
म्हटलं, टेप घे. त्यांना उठवू नकोस.
कुशीवर निजलेत ना?
मानेपासून धर, जसे वळलेत तसं.

फोन उशीवर ठेवल्याचा आवाज.
कपाटाचं दार.
मग बराच वेळ नुसता पंखा.
"अठ्ठावीस... नाही,
थांब गं. हलले."