टाकीच्या रंगाखाली

एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांना सीट शिवून दिली.
फेल्गेइरशच्या बुटांच्या कारखान्यातून सुटलं की
घरी तीच सुई, तोच मेणाचा दोरा,
फक्त पायाऐवजी ढुंगणाचं माप.
(बेलार्मिनूला हे सांगितलं तेव्हा
त्यानं कॉफी शर्टावर सांडली.)

मग ही फामेल आली, पन्नास सीसी.
कोंबड्यांच्या खुराड्यात निजलेली,
हँडलवर शिट, कार्ब्युरेटरात कोळ्याचा संसार.
किंमत दोनशे युरो आणि माझ्या हातचा एक जोड बूट.
नवरा म्हणाला, यापेक्षा शेळी आणली असतीस.

टाकी खरवडायला बसले.
वरचा निळा, घाईघाईत फासलेला.
त्याखाली हिरवा.
हिरव्याखाली विटकरी,
आणि विटकरीच्या पोटात, बारीक ब्रशनं,
जरासं उजवीकडे कललेलं :
लुर्दिश.

पॉलिशपेपर हातातच राहिला.
कोण ही?
विकणाऱ्याला ठाऊक नाही.
त्याच्या आधीचा वारला.
त्याच्याही आधीचा फ्रान्सला गेला म्हणे, सिमेंट कालवायला,
आणि जाताना गाडी उधारीत देऊन गेला.

बाकी टाकी काळी केली, चार हात देऊन.
नावापुरती तळहाताएवढी जागा सोडली,
वर नुसतं वॉर्निश.
अडेलिनू म्हणतो, काम अर्धवट आहे.
त्याच्या गाडीला इतकं क्रोम
की कावळ्यांनी तिच्यात बघून भांग पाडावा.

जूनमध्ये शावशच्या शून्याच्या दगडापासून निघालो.
अकरा गाड्या, अकरा जुने गुडघे,
समोर सातशे अडतीस किलोमीटर,
एकच रस्ता, देशाला वरपासून खालपर्यंत घातलेली टीप.
पन्नास सीसी म्हणजे काय, ते चढाला विचारा.
लामेगूच्या अलीकडे एक सायकलवाला
आम्हाला मागे टाकून गेला,
वर वळून ‘बों दिया’ही म्हणाला.
गोइशला प्लग काळा पडला.
बेलार्मिनूनं तो स्वतःच्या टूथब्रशनं घासला
आणि रात्री दातही त्यानंच.

मग आलेंतेजू. डोंगर संपले, ऊन संपेना.
दोन्ही अंगांना बाटलीच्या बुचांची झाडं,
कमरेपर्यंत साल काढलेली, लालभडक, उघडी,
आणि उघड्या अंगावर पांढरा आकडा : ७.
ज्या साली सोललं त्या सालाचा शेवटचा आकडा.
आता नऊ वर्षं तिला कुणी हात लावायचा नाही.
मी इंजिन बंद करून तिथं बराच वेळ उभी.
माझ्या टाकीवर कुणी आकडा टाकला नव्हता.

फेरैराच्या पेट्रोलपंपावर
ऑइल मोजून देणाऱ्या बाईनं टाकी पाहिली,
म्हणाली, माझं नाव इथं कुणी लिहिलं?
माझ्या छातीत गिअर अडकला.
ती हसली : अहो, आमच्या एका वर्गातच पाच लुर्दिश होत्या.
तरी बाहीनं तिनं ते नाव पुसलं.
मग म्हणाली, एक चक्कर मारता का?

पंपाभोवती दोन फेऱ्या.
माझ्या पोटाला तिच्या हातांचा पेट्रोलवास,
मागून तिचं किंचाळणं, मुलीसारखं,
आणि कुत्रा आमच्यामागे, कामाला लागल्यासारखा.
उतरली, स्कर्ट झटकला,
म्हणाली, छान आहे. पण मागची शिवण टोचते.

एकवीस वर्षं! आणि मला हे सांगते!
काल्देइरांवच्या वळणावळणांवर मी तिच्याशी भांडत होते,
हेल्मेटच्या आत, मोठ्यानं.
शेवटच्या वळणाच्या आसपास लक्षात आलं :
मागं आजवर बसलंच कोण होतं?

फारूला सगळे शेवटच्या दगडाला मिठ्या मारत होते,
अडेलिनू रडत होता, कारण विचारलं तर म्हणे धूळ.
मी फुटपाथवर बसले.
सीट उलटी मांडीवर घेतली,
मागचे चार टाके उसवले,
आणि दातात दोरा धरून
सुईच्या नेढ्यासाठी उजेड शोधू लागले.