पेटी क्रमांक चौदा

संग्रहालयाकडून पेटी येते, पंधरा दिवसांच्या बोलीवर.
आत यादी: बोथट केलेली सुरी, एक.
फोटो, तीन. खडेमीठ, बरणीभर.
सुती चिंध्या, दहा.

फ्रेझरबरची ही पोरं; खिडकीतून बंदर दिसतं,
पण चिंध्या कशाला, कुणालाच सांगता येईना.
कॅलमनं एक डोळ्यावर बांधली, समुद्री चाचा झाला.
मी टिपण उघडलं: शंभर वर्षांपूर्वी इथे
हेरिंग चिरणाऱ्या बायका...

तोवर मागच्या बाकावर उग्ने,
लिथुएनियाहून येऊन सहा महिने झाले,
वर्गात अजून चकार शब्द नाही,
अंगठ्याभोवती चिंधी गुंडाळत होती,
घट्ट, टोक दातांत धरून,
रोज पहाटे कुणाचं तरी पाहिल्यासारखी.

"ममा," ती म्हणाली. "फॅक्टरी. मीठ झोंबतं."

मग फोटोतल्या बाईचा अंगठा
सगळ्यांनी जवळ जाऊन पाहिला.
कॅलम जरा जास्तच वेळ.

शुक्रवारी पेटी भरताना चिंध्या नऊच.
फॉर्मवर रकाना होता: हरवलेल्या वस्तू.
तो कोरा सोडला.
खाली शेऱ्यात लिहिलं,
एक वापरात आहे.