अंग, टोक, ठिपका

व्हार्डोच्या डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
अकरा ते एक समुद्रावर निळसर काहीतरी पसरतं,
त्याला आम्ही दिवस म्हणतो.

मी सतराचा. बोटींवरचे जुने रेडिओ यायचे,
मिठाने पांढुरके, पोटात कॉडचा वास.
ओगोतने पहिल्या सकाळी तळहातावर ठेवला
खडूच्या तुकड्याएवढा रेझिस्टर.
"आधी अंगाचा रंग. मग टोकाचा. मग ठिपका.
ठिपक्यावरून पुढची शून्यं.
पट्ट्यापट्ट्यांचे नंतर शीक, ते सोपे असतात."

काळा शून्य: खिडकीबाहेर बघायचं, झालं.
नारिंगी तीन: धक्क्याशी डुलणारे तीन बोये.
पाचाच्या हिरव्याला मात्र काही सापडेना,
आमच्या बेटावर झाड नाही.
शेवटी तिच्या खोकल्याच्या औषधाची बाटली धरली.

दिव्याखाली पिवळा न् पांढरा एकच,
खिडकीशी तांबडा काळवंडतो.
सांगाडा उचलून टेबल ते खिडकी, खिडकी ते टेबल,
आणि तरी एकदा तांबडा ठिपका तपकिरी वाचला,
हजाराच्या जागी शंभर बसवला.
धूर निघाला.
ओगोतने नुसती खिडकी उघडली.
बर्फ आत येऊन माझ्या मानेवर पडू लागला.

फेब्रुवारीत उजेड परतला
तेव्हा ध्यानात आलं, ती रंग बघतच नव्हती.
डोळ्यांत मोतीबिंदू; जांभळा तिला काळाच.
बोटाने चाचपत विचारायची,
"हा कुणाच्या शेजारी बसलाय?"
मी सांगायचो.
"मग सत्तेचाळीस हजार. दुसरं कोण बसेल तिथे?"
मी मान वाकवायचो:
अंग पिवळं, टोक जांभळं, ठिपका नारिंगी.

एकदा मीटर लावला, काटा साठाच्या पुढे.
"रंग खोटं बोलतोय," मी म्हणालो.
"जन्मतारीख सांगतोय तो," ती म्हणाली, "वय तू मोज.
वीस हिवाळे तापला, निवला, हट्ट वाढला."
आणि गुडघे चोळत उठली कॉफी ठेवायला.
"काढ त्याला. फेकू नको पण, डब्यात ठेव."

नवा बसवला. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले.
खरखर, मग कुणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज:
वारा वायव्येचा, लाटा उंच,
दृश्यमानता कमी.

"ते मला माहीत आहे," ओगोत म्हणाली,
आणि कपात साखर घातली,
दुसऱ्यांदा.