झोपायचं झाड

पहाटेच्या मंद्रूप गाडीनं
वडकबाळला उतरायचं, पुलाच्या अलीकडं.
गळ्यात विभागाची दुर्बीण,
तिच्या डाव्या भिंगात बुरशीचं एक फूल.
एकेचाळीस दिवस
त्या फुलाआडून मी वानरं बघते आहे.

दर दहा मिनिटांनी मान वर.
खाणं, चालणं, बसणं, उवा काढणं, इतर.
तक्ता माझा नाही.
कुणीतरी आफ्रिकेतल्या बबूनांसाठी आखलेला,
हंचाटे सरांनी झेरॉक्स काढून दिला.
त्यात एक रकाना होता : सिंह.
मी सिंह खोडला, वर लिहिलं :
कुत्रं, फटाका, एसटी.
बबून मी पाहिलेला नाही.
सरांनीही नाही.
तरी आम्ही दोघं त्याच्याविषयी बोलतो
लग्नात भेटलेल्या लांबच्या चुलत्यासारखं.

नावं ठेवायची नाहीत, हा नियम.
म्हणून थोटक्या शेपटीची म्हातारी ती मा-४,
आणि मा-९ला परवा झालेलं काळं पिल्लू
अजून नुसतंच पिल्लू.
दुपारपर्यंत ते सहा जणींच्या मांडीवरून फिरून आलं.
घरी सांगितलं, तर अम्मा कात्री न थांबवता म्हणाली,
तूही अशीच फिरलीस कारखान्याच्या ओट्यावर,
एकीची पानं कापून होईस्तोवर दुसरीकडं.
अम्मा दिवसाला हजार विड्या वळते.
मोजत नाही. बोटांना आकडा कळतो.
मा-४ केस विंचरते मा-९चे, तीच बोटं.
मी मोजते : अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

अम्माच्या तेलुगूत त्यांना म्हणतात कोती.
मलकारसिद्ध बिराजदारांच्या कन्नडातही कोती.
माझ्या प्रबंधात एक लांबलचक लॅटिन नाव,
जे ऐकून एकही वानर मान वळवत नाही.

बिराजदारांनी क्रेट आणून पुढ्यात ओतला.
बत्तीस डाळिंबं, भगवा,
प्रत्येकाला एकच चावा.
"पोटभर खाल्लं असतं तर बोललो नसतो.
हे बी लिवा की तुमच्या कागदावर."
लिहिलं.
कुठल्या रकान्यात, ते त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी पंचायतीत पिंजरेवाला आला.
नगामागे दर. गाडीचं भाडं वेगळं.
परवानगीचं विचारलं तर म्हणाला, होऊन जातंय.
मला खुर्ची दिली, बशीत चहा.
सरपंच म्हणाले, मॅडमना ठाऊक असणार,
रात्री कुठं झोपतात ती.
माझ्या पिशवीत नकाशा होता.
चाळीस रात्रींतल्या अडतीस रात्री
एकाच चिंचेवर लाल ठिपका.
मी म्हणाले, झाडं बदलतात.
नक्की नाही सांगता यायचं.

एवढी एकच नोंद खोटी.
परतीच्या गाडीत ती पायात आलेल्या काट्यासारखी,
आणि शेजारी, पिशवीत,
एक चावलेलं डाळिंब. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
चिंचेखाली कुणीतरी विडी ओढत बसलेलं.
बिराजदार.
"ही माझ्या आज्यानं लावली.
वर कोण झोपतंय, मला ठावं नाही व्हय?"
मग काल का नाही बोललात?
त्यांनी राख झटकली.
"तुमी का नाही बोलला?"

वरून कुणीतरी मुतलं.
तारखेवर, तपमानावर, माझ्या सहीवर
शाई पसरत गेली.
बिराजदार इतके हसले की ठसका लागला,
मग मान वर करून, बोट नाचवत मोजू लागले.
एकोणीस, म्हणाले.
वीस, मी म्हणाले. पिल्लू धरून.
ते बराच वेळ वर बघत राहिले.
"म्हणजे खाणारं आणि एक वाढलं,"
असं म्हणून एक अस्सल शिवी दिली,
ती कुणाला, हे नीट कळलं नाही.

सहा वाजून दहा.
मान वर.
इतर.